घरच्या घरी कयाकची सफाई: कोकण किनाऱ्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवबाग-तारकर्लीपासून गुहागर, हर्णै, दिवेआगर, अलिबागपर्यंत आता कितीतरी घरांच्या पडवीत कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट अरुंद होडी, दिसते. कुणाची होमस्टेच्या पाहुण्यांसाठी, कुणाची खाडीत गरवायला जायची, कुणाची निव्वळ हौसेची. खारं पाणी, खाडीचा काळा चिखल, जांभ्याची लाल माती, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हे सगळं इथे एकाच कयाकच्या वाट्याला येतं. त्यामुळे तळ्यात चालवायच्या कयाकसाठी लिहिलेल्या सूचना आपल्याकडे पुऱ्या पडत नाहीत. खालची उत्तरं मुख्यतः जाड पॉलिथिलीनच्या कयाकची आहेत. फायबरच्या आणि हवा भरायच्या कयाकचे प्रश्न पुढे वेगळे घेतले आहेत.

समुद्रातून आल्यावर दर वेळी धुवायलाच हवी का? प्लास्टिकला मिठाने काय होणार?

प्लास्टिकला मिठाने काही होत नाही. वाट लागते ती त्याला जोडलेल्या वस्तूंची: स्क्रू, रिव्हेट, सीटचे हूक, रडरची (सुकाणूची) तार, हॅचचं (आत सामान ठेवायच्या तोंडाचं) रबर, लाइफ जॅकेटची चेन. कयाक 'खराब झाली' म्हणून कोपऱ्यात पडते तेव्हा बहुतेक वेळा तिचं अंग धडधाकट असतं आणि गंजलेले असतात हे चार-पाच बारके भाग.

एक लिटर समुद्राचं पाणी वाळलं की मागे साधारण ३५ ग्रॅम मीठ उरतं. सीटखाली, हॅचच्या खोबणीत, पाय टेकायच्या जागेत मिळून अर्धा-एक लिटर पाणी सहज राहतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. आपल्याकडे बहुतेक रात्री हवा याहून दमट असते. म्हणजे दुपारी खडखडीत कोरडा दिसणारा स्क्रू रात्रभर खारवणात भिजत पडलेला असतो. म्हणून धुणं 'उद्या सकाळी' वर ढकलू नका, त्याच संध्याकाळी करा. गोड्या पाण्याने खळखळून धुवायला दहा मिनिटं लागतात. साबण दर वेळी लागत नाही.

रोजच्या धुण्याचा बरोबर क्रम कोणता?

आधी कयाक सावलीत आणा. उन्हात तापलेल्या अंगावर पाणी आणि साबण धुऊन निघायच्या आत वाळतात आणि पांढरे ओघळ राहतात. अंगणात चिऱ्यांवर किंवा खडीवर थेट ठेवू नका. दोन जुन्या ट्यूब, फोमचे तुकडे किंवा झावळ्यांचा थर खाली घाला.

मग सगळं सुटं करा: सीट, पाठ टेकायची गादी, पॅडल, हॅचची झाकणं, ड्रेन प्लग (आतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच). सीट जागेवर ठेवून धुणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. सीटच्या हुकाखाली रुपयाएवढी जागा असते आणि तिथेच वाळू, मीठ आणि ओल दबून बसते. हूक उघडून बघितलात तर पितळी कडीवर हिरवट थर आणि ॲल्युमिनियमच्या रिव्हेटभोवती पिठासारखी पांढरी पूड दिसेल. ती पूड म्हणजे ॲल्युमिनियमचा गंजच. बोटाने पुसून जाते, पण दर वेळी त्याबरोबर रिव्हेटही थोडी झिजते.

पाणी वरून खाली मारा. आधी वरची बाजू, मग हॅचच्या खोबण्या, स्कपरची (बसायच्या जागेतून बुडापर्यंत आरपार गेलेली) भोकं, बंजी (ताणल्या जाणाऱ्या) दोरीखालची पट्टी. नंतर कयाक पालथी घालून बूड धुवा. पालथी असतानाच स्कपरमधून उलट बाजूनेही पाणी सोडा, अडकलेली वाळू तशीच निघते. शेवटी ती सुलटी करून हॅचच्या आत हात घालून बघा. ओल लागली तर स्पंजने टिपून घ्या.

त्यानंतर वाळवणं, आणि यातच लोक हयगय करतात. हॅच आणि ड्रेन प्लग उघडे ठेवून, कयाक थोडी तिरकी करून, वाऱ्याच्या जागी सावलीत किमान तीन-चार तास ठेवा. दमट दिवसांत रात्रभर लागते. नीट धुऊन ओली बंद केलेली कयाक, न धुता कोरडी ठेवलेल्या कयाकइतकीच लवकर बिघडते.

एका वेळी पाणी किती लागतं? एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे टँकर येतो.

नळी मोकळी सोडली तर पाच मिनिटांत पन्नासेक लिटर सहज जातं. बादलीने तीन बादल्या, म्हणजे ४०-४५ लिटर. टंचाईच्या दिवसांत सगळ्यात उपयोगी पडतो तो बागायतदारांकडे असतो तसला पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप. बारीक पण जोरदार धार भोकांत आणि खोबणीत नेमकी जाते आणि एका टाकीत एक कयाक होते. मात्र पंप नवा आणि फक्त याच कामाचा हवा. आंब्यावर औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी वापरू नका. ज्या सीटवर मुलं उघड्या अंगाने बसतात तिथे तुम्ही तेच औषध फवाराल.

किनाऱ्याजवळची आमची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते. त्या पाण्याने धुतलं तर चालेल?

पहिल्या दोन धुण्यांना चालेल. मचूळ पाण्यातलं मीठ समुद्राच्या मानाने कितीतरी कमी असतं. शेवटचा हात मात्र गोड्या पाण्याचा द्या, आणि तेवढं पाणी नसेल तर निदान धातूचे भाग, चेन आणि रडर तांब्याभर गोड्या पाण्याने धुवा. पाणी किती मचूळ आहे हे साबणावरून कळतं: फेस होईना आणि पांढरट साय जमायला लागली की त्या पाण्यात साबण वाया घालवू नका.

साबण कोणता आणि किती?

भांडी घासायचं साधं लिक्विड, १० लिटरच्या बादलीला दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली. जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही. उलट फेस काढायला दुप्पट पाणी जातं आणि राहिलेला साबण पाय टेकायच्या जागी निसरडा होतो. रिठ्याचं पाणीही चांगलं काम करतं: आठ-दहा रिठे रात्री एक लिटर पाण्यात भिजत घाला, सकाळी कुस्करून गाळा आणि बादलीभर पाण्यात मिसळा.

घासायला मऊ ब्रश, स्पंज किंवा जुना सुती कपडा घ्या. पॉलिथिलीनच्या बुडाला लागलेल्या चिखलासाठी नारळाचं सोडण चालतं. तारेची घासणी, स्टीलचा काथ्या, भांडी घासायची पावडर आणि राख नको. त्यांनी बारीक चरे पडतात आणि पुढच्या वेळी घाण त्याच चऱ्यांत बसते. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन आणि फरशीचं ॲसिड कुठल्याही कयाकवर नको.

गाडी धुवायच्या सेंटरवर प्रेशरने धुऊन घेतली तर?

पॉलिथिलीनचं बूड घेता येईल. पंख्यासारखी पसरट धार लावायला सांगा आणि नोझल दीड-दोन फुटांवर ठेवायला सांगा. हॅचच्या रबरावर, स्टिकरवर, रिव्हेटवर आणि सांध्यांवर थेट धार मारू देऊ नका, पाणी दाबाने आत शिरतं. हवेच्या कयाकला प्रेशर अजिबात नको.

कयाकच्या आत पाणी खळखळतं आणि वाळू सरसरते. बाहेर कशी काढायची?

आत पाणी असताना कयाक उचलू नका. २० लिटर पाणी म्हणजे २० किलो वजन, आणि ते एका टोकाला धावतं. त्यात पाठ धरते किंवा कयाकच मधोमध दुमडते. ड्रेन प्लग उघडा, प्लगच्या विरुद्ध टोकाखाली एकेक विटेने उंची वाढवत जा आणि पाणी आपोआप वाहू द्या. धार थांबली की कयाक कुशीवर करून हलवा.

वाळू कोरडी असताना निघत नाही. आत चार-पाच लिटर गोडं पाणी ओता, प्लग लावा, दोघांनी धरून डाव्या-उजव्या कुशीवर डुलवा आणि वाळू तळाशी बसायच्या आत प्लग उघडा. दोन-तीनदा केलं की पाणी नितळ येतं.

आता ते आत आलं कुठून, हे शोधा. दोन-चार तासांच्या फेरीनंतर पेलाभर पाणी निघालं तर काळजी नको, ते हॅचमधून येतंच. लिटर-दोन लिटर निघालं तर गळती आहे. सगळे सांधे, रिव्हेटची डोकी आणि स्कपरच्या नळ्यांचे काठ साबणाच्या दाट पाण्याने ओले करा, हॅच बंद करा आणि ड्रेनच्या भोकातून तोंडाने हळू फुंकर घाला. बुडबुडे येतील तिथे गळती. कॉम्प्रेसर लावू नका, हवेच्या जोराने कयाक फुगून सांधाच उलतो.

स्कपरच्या भोकांची वेगळी काळजी का घ्यायची?

स्कपर म्हणजे बसायच्या जागेतून बुडापर्यंत आरपार गेलेल्या नळ्या. वरचं पाणी त्यांतून खाली जातं. नळीच्या वळणावर प्लास्टिक पातळ असतं आणि तडे तिथूनच जातात, विशेषतः स्कपरमध्ये दांडे घालायची ट्रॉली वाळूत ओढली तर. धुताना बाटलीचा ब्रश फिरवा आणि बोटाने कड चाचपा. केसाएवढी तड डोळ्यांना दिसत नाही, पण नखाला लागते. आत बारकी कोळंबी किंवा खेकडा सापडला तर निघण्याआधी खाडीतच सोडून द्या. घरी आल्यावर तो तिथेच मरतो आणि दुसऱ्या दिवशी वास तुम्हाला शोधत बसावा लागतो.

खाडीच्या काळ्या चिखलाचा वास जात नाही. काय करावं?

त्या चिखलात हवा नसते. तिथले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, तो सडक्या अंड्यासारखा वास त्याचाच. वास प्लास्टिकला नसतो, कुठेतरी राहिलेल्या चिखलाला असतो. सीटच्या पट्ट्या, बंजी दोरीचं विणकाम, पाय टेकायच्या पट्टीची खाच आणि चपला ठेवायचा कोपरा बघा. ओहोटीला कांदळवनातून चालत कयाक ओढली असेल तर निघण्याआधी खाडीच्याच पाण्याने चिखल काढा. ओला चिखल दोन हातांत जातो, वाळलेल्याला अर्धा तास लागतो. घरी चिखल पूर्ण निघाल्यावर पाच लिटर पाण्यात चार मोठे चमचे खायचा सोडा घालून ओल्या फडक्याने पुसा, पंधरा मिनिटं थांबा, धुवा आणि वाऱ्यावर ठेवा. मातीवरच सोडा किंवा सुगंधी फिनेल मारून काही होत नाही.

पांढऱ्या-पिवळ्या कयाकवर तांबूस डाग पडलेत. हा गंज आहे का?

डाग कुठे आहे ते बघा. पाण्याच्या रेषेवर चहासारखी तपकिरी पट्टी असेल तर ती कांदळाच्या टॅनिनची. खारफुटीच्या सालीत आणि पानांत टॅनिन भरपूर असतं आणि कयाक खाडीत बांधून ठेवली की पट्टी उमटते. बुडाला आणि कुशीला ठिपक्यांसारखे लाल डाग असतील तर ती जांभ्याची माती, म्हणजे लोहाचा ऑक्साइड. स्क्रूखालून ओघळ आलेला असेल तरच तो गंज.

तिन्हींवर लिंबूसत्व चालतं. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवा, फडकं भिजवून डागावर वीस मिनिटं चिकटवून ठेवा, मऊ ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. टॅनिन एका वेळेत जातं. लाल मातीसाठी दोन-तीनदा करावं लागतं, आणि जुन्या चऱ्यांत बसलेली पूर्ण जात नाही. तो डाग निरुपद्रवी आहे, राहू द्या. गंजाचा ओघळ मात्र पुसून भागत नाही, तो स्क्रूच बदलावा लागतो.

डांबराचे गोळे चिकटलेत. रॉकेलने काढू?

नको. रॉकेल डांबर विरघळवतं खरं, पण पॉलिथिलीनमध्ये थोडं मुरतं, वास राहतो, आणि हवेच्या कयाकचे चिकटवलेले सांधे सुटतात. पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्याला डांबरगोळे लागतात तेव्हा हा प्रश्न हमखास येतो.

सकाळी गारव्यात काम करा, तेव्हा डांबर घट्ट असतं. जुनं एटीएम कार्ड किंवा बांबूची चपटी कामटी आडवी धरून जाड थर उचला. उरलेल्या डागावर खोबरेल तेल किंवा स्वयंपाकाचं कुठलंही तेल चोळा, पंधरा मिनिटं ठेवा. तपकिरी तेल फडक्याने टिपून घ्या, फडकं पालटत राहा, नाहीतर डाग पसरतो. मग भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा, कारण तेल राहिलेली जागा बर्फासारखी निसरडी होते. तीच फडकी मातीत पुरू नका, सुक्या कचऱ्यात द्या. सनस्क्रीन लावलेल्या हातांचे पिवळट डागही याच साबणाने जातात, त्यांना तेल लागत नाही.

बुडाला शिंपल्यासारखे टोकदार कण चिकटलेत.

ते बार्नेकल नावाचे बारके समुद्री जीव. कयाक काही आठवडे पाण्यात राहिली की त्यांची पिल्लं बुडावर बसतात आणि चुन्याचं कवच बांधतात. कालवंही असंच घट्ट घर करतात. हातमोजे घाला, कड ब्लेडसारखी कापते आणि खाडीतली जखम लवकर चिघळते. लाकडी किंवा प्लास्टिकच्या उलथन्याने, कोन अगदी आडवा ठेवून ढकला. कवच निघतं, पण बुडाशी चुन्याची पांढरी चकती राहते. तिच्यावर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवा. फसफसून ती मऊ पडते, मग घासता येते. लोखंडी पटाशीने खरवडलं की कवच निघतं, सोबत प्लास्टिकचा तुकडाही. यावर खरा उपाय एकच: रात्री कयाक पाण्यात ठेवायची नाही.

सीटवर काळे ठिपके आलेत, पावसाळ्यात दर वर्षी येतात.

बुरशी. आधी कोरड्या ब्रशने उघड्यावर झटका, घरात नको. नाकाला फडकं बांधा. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फवारा, अर्धा तास ठेवा, घासा, साबणाने धुवा आणि वाऱ्यावर पूर्ण वाळवा. कापडात मुरलेले काळे डाग फिकट होतात, पूर्ण जात नाहीत. बुरशी मेली की नाही हे वासावरून ओळखा, डागावरून नको.

ब्लीचिंग पावडरने डाग जातो, पण पट्ट्यांचा धागा आणि शिलाई कुजते. आणि एक गोष्ट पाठ करून ठेवा: ब्लीच आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्व कधीही एकत्र नको, एकामागोमाग एकही नको. क्लोरीन वायू निघतो. बंद मांगरात त्याने जीव घुसमटतो.

गरवून आल्यावर मासळीचा वास येतो.

रक्त आणि खवले गार पाण्याने काढा. गरम पाण्याने रक्त घट्ट होऊन चिकटतं. मग साबण, मग वर सांगितलेलं खायच्या सोड्याचं पाणी. आमिष ठेवायचा डबा वेगळा असला तर अर्धं काम वाचतं.

धातूचे भाग आणि रडर यांना काय लावायचं?

गोड्या पाण्याने धुऊन, कापडाने कोरडे करून, सिलिकॉन स्प्रेचा हलका हात. रडरच्या तारेला टोकाशी धागे सुटलेत का ते बघा. सुटलेली तार बोट चिरते आणि भर खाडीत तुटते. रबराच्या वॉशरला आणि ड्रेन प्लगला सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेली किंवा गाडीचं ग्रीस लावलं की काही रबरं फुगतात आणि प्लग बसेनासा होतो.

स्क्रू बदलताना स्टीलचे ३१६ दर्जाचे मागा. ३०४ स्वस्त पडतं पण समुद्राजवळ त्याच्यावर चहाच्या रंगाचे डाग येतात. स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवायचा असेल तर मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. दोन वेगळे धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम वेगाने खाल्लं जातं.

दोन तुकड्यांचं पॅडल सांध्यात अडकलंय, सुटत नाही.

सांध्यात मीठ आणि वाळू बसली आहे. सांधा अर्धा तास कोमट गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. मग दोघांनी दोन टोकं धरून, ओढण्याआधी पिळा. पकडीने आवळू नका, दांडी चेपली की सांधा पुन्हा कधीच नीट बसत नाही. सुटल्यावर आतबाहेर धुवा आणि वाळवा. तेल-ग्रीस लावू नका, त्यावर वाळू चिकटते. यापुढे किनाऱ्याला लागताक्षणी पॅडल सुटं करायची सवय लावा.

लाइफ जॅकेट वॉशिंग मशीनमध्ये घालू का?

नाही. आतला फोम मोडतो आणि तरंगण्याची ताकद कमी होते. बादलीत कोमट पाणी आणि चमचाभर सौम्य साबण, मऊ ब्रश, दोनदा गोडं पाणी. पिळू नका. जाड हँगरवर सावलीत टांगा. कडक उन्हात कापडाचा रंग आणि शिलाईचा दोरा दोन्ही लवकर जातात. चेनवर मेणबत्ती फिरवली की ती अडकत नाही. होमस्टेवाल्यांनी हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक जॅकेट अंगात घालून छातीभर शांत पाण्यात तरंगून बघावं. फोम दाबून परत वर येत नसेल, पट्ट्या उसवल्या असतील, तर ते जॅकेट कापून टाका म्हणजे चुकूनही कुणाच्या अंगात जाणार नाही.

हवा भरायची कयाक कशी धुवायची?

हवा भरलेली असतानाच. घड्या उघडतात आणि वाळू निघते. खालची सुटी पट्टी आणि गादी काढा, बाजूच्या नळी आणि तळ यांच्यातल्या चिमटीत बोटं घालून वाळू काढा. तिथली वाळू सँडपेपरचं काम करते. व्हॉल्व्हचं बाहेरचं झाकण उघडून, आतलं बंद ठेवून, काठावर पाणी घाला. व्हॉल्व्हमध्ये अडकलेला एक वाळूचा कण रात्रभरात हवा सोडायला पुरेसा असतो.

वाळवताना दुपारच्या उन्हात हवा ठासून भरलेली ठेवू नका. हवा तापून फुगते आणि सांधा उसवतो. घडी घालण्याआधी नुसत्या तळहाताने नव्हे, टिश्यू पेपर खोबणीत दाबून बघा. कागद ओला झाला तर अजून वेळ आहे. ठेवताना टाल्कम पावडर शिंपडा आणि सैल गुंडाळी करा. उंदरांपासून जपा, पत्र्याच्या पेटीत ठेवणं उत्तम.

फायबरच्या कयाकला वेगळं काही?

तिचा वरचा चकचकीत थर, जेलकोट, नाजूक असतो. गाडीचा शाम्पू आणि मायक्रोफायबर कापड घ्या, सोडण नको. लिंबूसत्व दहा मिनिटांच्या वर ठेवू नका. वर्षातून दोनदा गाडीचं मेण लावा. चीर पडून आतलं कापड दिसत असेल तर आधी वाळवून दुरुस्त करा, मगच पाण्यात. उघड्या फायबरवरून हात फिरवू नका, कुसळं घुसतात.

बुडावर ओरखडे आणि प्लास्टिकची कुसळं आलीत. घासून काढू?

ओरखडे असू द्या. कुसळं धारदार कटरने आडवी कापा. मेणबत्तीने वितळवू नका, काजळी आत जाते आणि प्लास्टिक ठिसूळ होतं. ओरखडा नख रुतेल एवढा खोल असेल तर लक्ष ठेवा. आरपार गेला असेल तर इपॉक्सी पुट्टी भरून उपयोग नाही, पॉलिथिलीनला ती धरत नाही, पापुद्र्यासारखी निघते. त्याच जातीच्या प्लास्टिकच्या सळीने वेल्डिंग करून घ्यावं लागतं.

चमक यावी म्हणून टायर पॉलिश लावलं तर?

निसरडं होतं आणि धूळ चिकटते. रंग उडतो तो उन्हातल्या अतिनील किरणांनी. अंग खडूसारखं पांढरट झालं तर प्लास्टिक ठिसूळ व्हायला लागलंय. प्लास्टिकसाठीचा यूव्ही प्रोटेक्टंट स्प्रे हंगामात महिन्या-दीड महिन्याने, स्वच्छ आणि कोरड्या कयाकवर लावा. बसायची जागा, पाय टेकायची जागा आणि पॅडलची मूठ सोडून. ज्याच्याकडे पडवी आहे त्याला स्प्रेची गरज निम्मी होते.

पावसाळ्यात चार महिने कुठे आणि कशी ठेवायची?

मे अखेरीस एकदा सगळं सुटं करून साबणाने धुवा, दोन दिवस वाळवा. ठेवताना कुशीवर किंवा पालथी, दोन लाकडी घोड्यांवर. घोडे दोन्ही टोकांपासून लांबीच्या पाव अंतरावर, वर जुनी गोधडी. टोकाच्या हँडलला टांगून ठेवली तर मधोमध झोळ पडतो. पत्र्याच्या अगदी खाली नको, उघडिपीच्या दुपारी तिथे प्लास्टिक मऊ पडून वाकतं. निळी ताडपत्री अंगाला गुंडाळू नका. आत वाफ कोंडते आणि बुरशी येते. ताडपत्री घालायचीच तर वर दोरी बांधून तंबूसारखी, बाजूंनी वारा खेळेल अशी.

ड्रेन प्लग आणि हॅच उघडे ठेवा, पण भोकांवर मच्छरदाणीचा तुकडा रबराने बांधा. कुंभारीण माशी स्कपरमध्ये आणि ड्रेनच्या भोकात मातीचं घर बांधते, हॅचमध्ये विंचू शिरतो, आणि जांभ्याच्या सड्यांजवळ फुरसंही असतं. पावसाळ्यानंतर कयाक काढताना आधी काठीने ठोका, बॅटरीने आत बघा, मगच हात घाला.

धुतलेलं पाणी कुठे सोडायचं?

नुसतं खारट पाणी आणि थोडा साबण असेल तर नारळाच्या आळ्यात, नारळ मीठ सोसतो. आंब्याच्या कलमाला, पोफळीला, भाजीच्या वाफ्याला नको. तेल-डांबर असलेलं आणि ब्लीचचं पाणी कुठल्याच झाडाला नको, आणि विहिरीपासून लांब. खाडीत उभं राहून साबण लावू नका. तिथे माशांची पिल्लं वाढतात.

खाडीतली कयाक धामापूरसारख्या गोड्या पाण्याच्या तलावात न्यायची आहे. काही विशेष?

हो, आणि उलट्या प्रवासातही तेच. कयाक, दोऱ्या, सीट आणि चपलांवरचा चिखल आणि पाल्याचा तुकडान्‌तुकडा काढा, आतलं पाणी निघाल्या ठिकाणीच ओता, आणि पाच दिवस पूर्ण कोरडी ठेवून मग दुसऱ्या पाण्यात घाला. जलपर्णीचा मुळासकट एक तुकडा दोरीत अडकून गेला तरी नव्या तलावात ती पसरते, आणि मग गावाला ती वर्षानुवर्षं काढत बसावं लागतं.

थोडक्यात वेळापत्रक सांगाल का?

दर फेरीनंतर गोडं पाणी आणि वाळवणं. पाच-सहा फेऱ्यांनी साबण. महिन्यातून एकदा सीटचे हूक आणि हॅच नीट तपासून, स्कपर चाचपून, स्क्रू बघून. मे अखेरीस पूर्ण सफाई, आणि नारळी पौर्णिमेनंतर कयाक बाहेर काढताना पुन्हा गळतीची फुंकर. होमस्टेची कयाक रोज पाण्यात जात असेल तर साबण आठवड्याला आणि स्क्रूची तपासणी पंधरा दिवसांनी. जी कयाक चार-पाच जण वापरतात तिच्या हॅचच्या झाकणाला आतून चिकटपट्टी लावून त्यावर शेवटच्या साबणाची तारीख लिहा. म्हणजे 'काल कुणी धुतली' यावर वाद होत नाही.